ताटावरचा हात

क्षितिजा मला पहिल्या भेटीपासून आवडली नाही, आणि त्यात तिची काडीचीही चूक नव्हती. वाईट वागणाऱ्या माणसाचा राग करणं सोपं असतं हो. ही बया हसून बोलायची, घरी आली की पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून भांडी विसळायला लागायची, मला 'वीणाताई' म्हणायची. आणि माझा नवरा विवेक रोज संध्याकाळी चहाचा पहिला घोट घेतला की सुरू व्हायचा, "आज क्षितिजाने मीटिंगमध्ये काय सांगितलं माहितीये?"

नाही बाबा, नाही माहीत. मी दिवसभर घरात होते.

विवेक रियाधमध्ये ओलाया भागातल्या एका सल्लागार कंपनीत आहे. इथल्या कंपन्यांना परदेशात पैसा गुंतवायचा असतो, तिथे उद्या कुणाचं सरकार येईल हे यांनी आधी सांगायचं, असं ते काम. क्षितिजा त्याच्याच टीममध्ये. एकटी आली पुण्याहून, वय तिशीच्या आसपास, आणि वर्षभरात सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव. मी? मी सांगलीला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. लग्नानंतरही शिकवत होते. मग विवेकला इथली नोकरी लागली आणि माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, त्याच्या इकाम्याला लटकला, तो आजतागायत.

पण आकडे सुटले नव्हते. विवेक संध्याकाळी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "जरा नजर टाक ना." मी कणीक मळता मळता नजर टाकायचे. मग हात धुऊन बसायचे. निवडणुकीच्या कुठल्या पोलवर किती विश्वास ठेवायचा, कुठला टाकून द्यायचा, सगळं सांगायचे, आणि शेवटी एक आकडा द्यायचे. तो आकडा ऑफिसात विवेकच्या नावाने जायचा. बहुतेक वेळा बरोबर यायचा. नवरा-बायकोत कसला आलाय हिशोब, असं मी स्वतःला सांगायचे, आणि खरंच सांगते, तेव्हा मला ते पटायचंही.

मग आलं दसऱ्याचं जेवण.

रियाधमध्येच मलाझ भागात आमची मैत्रीण स्मृती राहते. तिच्याकडे शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी सगळी मराठी मंडळी जमली. पुरुषांची पंगत बसली होती, मी श्रीखंड वाढत होते. कुणीतरी क्षितिजाला विचारलं, "काय गं, पोलमध्ये 'अजून ठरवलं नाही' म्हणतात त्या लोकांचं तुम्ही काय करता?"

क्षितिजा म्हणाली, "सोपं आहे. ते पंगतीतल्या पाहुण्यासारखे असतात. वाढायला गेलं की तोंडाने 'पुरे पुरे' म्हणतात. पण ज्याला खरंच नको असतं, तो ताटावर हात आडवा धरतो. हात नसेल तर वाढायचं. तसंच मतदाराचं. कुणाला मत देणार याचं उत्तर तो टाळतो, पण महागाईबद्दल काय वाटतं, शाळांबद्दल काय वाटतं, तिथे त्याचा हात दिसतो. तोंड बघायचं नाही, हात बघायचा."

टाळ्या पडल्या हो टाळ्या! "काय डोकं आहे मुलीला," कुणी म्हणालं. विवेक तर असा बघत होता की जणू पोटची पोर बोर्डात पहिली आली.

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. कारण हे वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझा. उन्हाळ्यात याच विवेकला मी टेबलावर बसून समजावलं होतं, तेव्हा त्याने "भारी आहे" म्हणून दुसरी पोळी मागितली होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी पुढच्या ताटात एवढं श्रीखंड वाढलं की तो बिचारा माणूस खरोखर दोन्ही हात आडवे घालायला लागला.

घरी येताना विवेकला विचारलं, तर म्हणतो, "अगं, मीटिंगमध्ये उदाहरण म्हणून सांगितलं होतं मी. तिने उचललं. चांगलंच आहे ना, उपयोगी पडतंय."

"माझं नाव सांगितलंस?"

"मीटिंगमध्ये कुठे बायकोचं नाव सांगू?"

त्याच्यावर चिडायला हवं होतं, मला कळतंय. पण त्याच्यावर चिडून काय करणार, त्याच्याशी संसार करायचाय. सगळा राग जाऊन बसला तो क्षितिजावर. माझ्या तोंडचा शब्द, माझी बुद्धी, आणि टाळ्या तिला. तिला ऑफिस, तिला खुर्ची, तिच्या गळ्यात ते ओळखपत्र. मला भाजीवाल्याशी मोडकं अरबी. रात्रंदिवस तीच डोळ्यांसमोर. इतकी जळत होते की शेवटी माझी मलाच लाज वाटायला लागली, पण म्हणून जळायची थांबले नाही.

तशातच ती अमेरिकेतली निवडणूक आली. राज्याचं नाव सांगत नाही, विवेकच्या कंपनीने गुप्ततेच्या कागदांवर सह्या घेतल्यात. तिथल्या गव्हर्नरपदाची लढत, अटीतटीची. एकीकडे मार्गो लिंडहोम नावाची बाई, सरकारी वकील होती पूर्वी. दुसरीकडे वेस्ली टॅगर्ट, ट्रकचा धंदा असलेला. इथल्या बुरैदा शहरातल्या एका खजूर कंपनीला त्या राज्यात मोठं गोदाम बांधायचं होतं. लिंडहोम आली तर परदेशी गोदामांना मिळणारी करसवलत चालू राहणार, टॅगर्ट आला तर बंद. म्हणजे कंपनीने सही करायची की थांबायचं, ते या एका अंदाजावर.

मी मन लावून काम केलं. कितीही राग असला तरी आकडे समोर आले की मी विसरते सगळं. पोल सगळे इकडे अर्धा टक्का, तिकडे अर्धा टक्का. तेव्हा माझी नणंद सरिता आठवली. ती त्याच राज्यात असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, आमच्या मंडळात सगळे लिंडहोमलाच देणारेत. शेजारीपाजारी पण." एका मराठी मंडळावरून राज्य ओळखायचं नसतं, हे मी वर्गात घसा फोडून शिकवलंय. तरी मनाला बरं वाटलं. घरचं माणूस सांगतंय म्हटल्यावर हात जरा सैल सुटला. सरिता राहते तसल्या उपनगरांचं वजन मी थोडं वाढवलं. आकडा आला: लिंडहोम, दीड टक्क्याने.

विवेक चहा घेऊन शेजारी बसला. "झालं? उद्या क्षितिजा विचारणार आहे मला. तिचाही आकडा तयार झालाय, पण ती म्हणाली, विवेकसर, तुमचा बघितल्याशिवाय माझा देत नाही."

बघितल्याशिवाय देत नाही! म्हणजे पुन्हा माझ्या ताटातलं उचलून हिच्या तोंडात. आणि पुन्हा टाळ्या. नाकाला मिरच्या झोंबतात म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं.

"टॅगर्ट," मी म्हणाले.

"काय?"

"टॅगर्ट येणार. निसटता, अर्ध्या टक्क्याने."

"नक्की? सगळे तर लिंडहोम म्हणतायत."

"मी हात बघितलाय," मी म्हणाले आणि कप उचलून आत गेले. सिंकपाशी उभं राहून मला हसू फुटत होतं. पड म्हटलं आता तोंडावर. सगळ्या ऑफिससमोर पड. विवेकचीही जराशी फजिती झाली असती, पण तीही मला चालणार होती.

दोन दिवस मी मजेत होते. मंगळवारी संध्याकाळी विवेक पेढ्यांचा डबा घेऊन आला. इतका खुशीत की बूटसुद्धा न काढता आत.

"वीणा, बस इथे. तुला सांगितलं नव्हतं, आधी सगळं ठरू दे म्हटलं. तो टॅगर्टचा आकडा या वेळी तुझ्या नावाने दिलाय."

"माझ्या?"

"क्षितिजामुळे. तिने मला कोपऱ्यात गाठलं. म्हणाली, 'विवेकसर, ते पाहुण्याच्या हाताचं तुमचं नाही. तुम्ही जन्मात कधी पंगतीत वाढलंयत का? ज्याने वाढलंय त्यालाच हे दिसतं. वीणाताईंचं आहे ना?' मी कबूल केलं. मग ती थेट आमच्या साहेबांकडे, जमालुद्दीनभाईंकडे गेली. म्हणाली, हे सगळे आकडे ज्यांचे आहेत त्यांना बोलवा, जागा रिकामी आहे. भाई तयार आहेत. उद्या सकाळी मोजणीला तू ऑफिसात यायचंस. आकडा बरोबर आला तर रविवारपासून तू कामावर."

"आणि तिचा स्वतःचा आकडा?"

"तिचा लिंडहोम होता. मागे घेतला तिने. म्हणाली, वीणाताई टॅगर्ट म्हणत असतील तर माझंच कुठेतरी चुकलंय."

आता बोला! ज्या बाईला मी खड्ड्यात घालायला निघाले होते, ती माझ्यासाठी पायऱ्या बांधत होती. आणि मला हवी होती ना हो ती नोकरी. किती हवी होती! सकाळी उठून आवरून कुठेतरी जायचं, कुणीतरी 'वीणा, तुम्हाला काय वाटतं' विचारायचं. एवढंच हवं होतं मला इतकी वर्षं. ते सगळं आता मी मुद्दाम दिलेल्या खोट्या आकड्यावर टांगलेलं.

"विवेक," मी सुरुवात केली. तो पेढा माझ्या तोंडाशी धरून उभा होता. काय सांगणार होते? की मी तुला खोटा आकडा दिला, कारण त्या पोरीची फजिती व्हावी म्हणून? मी पेढा खाल्ला.

बुधवारी सकाळी ऑफिसात गेले. अमेरिकेत रात्र होती आणि आमच्यासमोरच्या मोठ्या पडद्यावर मोजणी चालली होती. जमालुद्दीनभाई या विभागाचे प्रमुख, मूळचे दापोलीकडचे, पांढरी दाढी, आवाज खणखणीत. "या वैनी, या," म्हणाले. "इतकी वर्सं आमी विवेकला हुशार समजत होतो, म्हंजे बघा आमचा अंदाज." सगळे हसले. विवेकही हसला, जरा उशिरा.

क्षितिजाने मला तिच्या शेजारची खुर्ची दिली. लिंडहोम पुढे होती. चांगली पुढे होती. माझा खरा अंदाज बरोबर येताना मी डोळ्यांनी बघत होते आणि मनात देवाला म्हणत होते, पाड रे बाबा तिला, माझं गणित चुकव. आयुष्यात प्रथमच मी स्वतःच्या उत्तरावर फुली मागत होते. क्षितिजाने माझा हात हातात घेतला. "ताई, घाबरू नका. गावाकडची मोजणी बाकी आहे," म्हणाली.

गावाकडची मोजणी यायला लागली. अंतर कमी झालं, आणखी कमी झालं. भाई दुपारची जुहरची नमाज पढून परत आले तोवर टॅगर्ट पुढे गेला होता. मग तो पुढेच राहिला. चॅनेलवाल्यांनी निकाल सांगितला, टॅगर्ट, अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

सगळं ऑफिस उठून उभं राहिलं. इतर कुणीही टॅगर्ट म्हटलं नव्हतं म्हणे, आमच्याकडेच नाही, बाहेरही फारसं कुणी नाही. क्षितिजाने मला घट्ट मिठी मारली. सरिता आणि तिचं मंडळ! घरच्या माणसावर भिस्त ठेवून मी सपशेल चुकले होते, आणि माझ्या दुष्टपणाने मला वाचवलं होतं.

बुरैद्याचे दोघं पाहुणे आले होते. ते खूश होते, सही न करता थांबले म्हणून. भाईंनी विचारलं, "वैनी, सांगा यांना, कसं ओळखलंत?"

"चुकून आला हो," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"बघा, मोठी माणसं अशीच बोलतात," भाई म्हणाले. मग क्षितिजाच उठली आणि माझ्या वतीने समजावू लागली. गावाकडच्या लोकांनी पोलला उत्तर टाळलं होतं, पण डिझेलच्या भावाच्या प्रश्नावर त्यांचा हात दिसत होता, वगैरे. तिथल्या तिथे तक्ते उघडून दाखवले तिने. आणि मी बघत राहिले. कारण ते खरं होतं. ते मला दिसायला हवं होतं आणि दिसलं नव्हतं. इतकं नेमकं, इतकं सुंदर सांगत होती ती, सगळं 'वीणाताईंनी बघितलं, वीणाताईंनी ओळखलं' असं म्हणत. मला त्या वीणाताईंचा हेवा वाटला. कोण होत्या त्या? मला नव्हत्या कधी भेटल्या.

"रविवारपासून या," भाई म्हणाले. विवेकला मीटिंग होती, म्हणून क्षितिजा मला तिच्या गाडीतून घरी सोडायला निघाली.

सिग्नलला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "ताई, एक सांगू? राग नाही ना येणार? मी फार जळत होते तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"तुमचा आकडा आल्यापासून. मी पुन्हा पुन्हा बसले, तुमच्या टॅगर्टपर्यंत पोचायला. प्रत्येक वेळी उत्तर लिंडहोमच. दीड टक्का. आज निकाल लागल्यावर कुठे ते डिझेलचं दिसलं, पण निकाल माहीत झाल्यावर कुणालाही दिसेल. तुम्हाला कणीक मळता मळता आधी दिसलं. मी रडले हो घरी."

खोटं कशाला बोलू? गोड वाटलं मला. दसऱ्यापासून मी जी आग पोटात घेऊन फिरत होते, ती तिच्या पोटात बघून असं गार वाटलं की विचारू नका. एक मिनिटभर मी खिडकीबाहेर बघत ते सुख चघळलं.

"म्हणून मी ठरवलंय," ती पुढे म्हणाली, "भाईंना सांगणार आहे, मला ग्राहकांच्या कामावर घाला. बुरैद्याचं काम मी बघेन. आकडे नकोत. आईलाही कळवलं काल. तिला म्हटलं, आई, मला या कामाचं डोकंच नाही गं. उगीच इतकी वर्षं वाटत होतं."

वर्गात मी अशा मुली पाहिल्यात. पुस्तकाच्या मागे उत्तर चुकीचं छापलेलं असतं, आणि पोरगी रात्रभर बसून स्वतःचं बरोबर गणित खोडते, मग सकाळी येऊन सांगते, बाई, मी मठ्ठ आहे. तेव्हा पुस्तकवाल्यांना मी शिव्या घालायचे. आता ते पुस्तक मी होते.

आणि गप्प बसायचं होतं नुसतं. ती बुरैद्याच्या कामावर, मी तिच्या खुर्चीत. दसऱ्याच्या दिवशी कुणी मला वर माग म्हटलं असतं तर मी हेच मागितलं असतं.

"क्षितिजा, माझाही लिंडहोमच होता," मी म्हणाले. "दीड टक्का. तुझ्याइतकाच."

तिला कळेना. "मग टॅगर्ट?"

"मुद्दाम सांगितला. विवेक तुला देणार आणि तू तोंडावर पडणार म्हणून. तुला टाळ्या मिळाल्या होत्या ना माझ्या वाक्याला. ते सहन होईना मला. या नोकरीचं मला तेव्हा माहीतच नव्हतं, म्हणजे तू माझ्यासाठी बोललीस ते. पण माहीत असतं तरी मी काय केलं असतं, देव जाणे. तुझं डोकं उत्तम आहे, माझ्यापेक्षा चांगलं आहे. म्हणूनच जळत होते."

तिने गाडी बाजूला घेतली. एका बंद शोरूमसमोर थांबवली. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत राहिली. ती रडेल असं मला वाटलं, म्हणून मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले.

"उतरा," ती म्हणाली.

"अगं—"

"उतरा, वीणाताई."

मी उतरले. दुपारच्या त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तिने माझ्या बाजूची काच खाली केली. डोळे कोरडे होते.

"मी भाईंना काही सांगणार नाही. तुमची नोकरी मला घालवायची नाहीये. पण रविवारी मी आकड्यांवरच बसणार आहे, माझ्याच खुर्चीत. तुम्हाला शेजारी बसून माझ्या तोंडाकडे बघायला जमणार असेल, तर या."

काच वर गेली. गाडी वळवून ती भरधाव निघून गेली, आणि एवढं होऊनसुद्धा माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर हे की काय बाई आहे, असं मला कधी बोलता आलं असतं का? मग मी पर्स काखेत धरली आणि ज्या रस्त्याने आलो होतो त्याच रस्त्याने ऑफिसकडे, जमालुद्दीनभाईंना माझा खरा आकडा सांगायला चालायला लागले.